रिसेप्शनमधला चिखल: चर्चच्या शाळेत मुलं नुसती खेळतात का?

गोधडी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मुलगा सव्वाचार वर्षांचा. इंग्लंडमध्ये राहतो. सप्टेंबरपासून घराजवळच्या चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत रिसेप्शनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, जातोय. आम्ही चर्चला जाणारे नाही, शाळा जवळ म्हणून मिळाली. आता हाफ टर्मची (सत्राच्या मधली) सुट्टी झाली, पहिले सहा-सात आठवडे संपले. रोज आणायला जाते तेव्हा स्वारी गुडघ्यापर्यंत चिखलात. "आज काय केलंस?" "खेळलो." "आणि मग?" "मग परत खेळलो."

शाळेच्या ॲपवर शिक्षिका फोटो टाकतात. एका रात्री झोप येईना म्हणून मी ते मोजलेच. चिखलाची भातुकली ९, ठोकळे ५, डबक्यात उड्या ४, हातात पेन्सिल १. त्या एका फोटोतसुद्धा पेन्सिल उलटी धरली आहे.

नाशिकला त्याची आतेबहीण, वयाने साधारण एवढीच. ज्युनिअर केजीत १ ते १०० लिहिते, स्पेलिंगं पाठ. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिची वही कॅमेऱ्यासमोर धरली जाते. सासूबाई परवा म्हणाल्या, "तिकडे फी घेत नाहीत ना, म्हणून शिकवत नसतील." त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच काळजीने म्हणाल्या. आणि तेव्हापासून मलाही ती काळजी लागली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शाळा ख्रिश्चन. रोज असेंब्लीत प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, आठवड्यातून एकदा व्हिकार (चर्चचे पाद्री) येऊन गोष्ट सांगतात. डिसेंबरमध्ये नेटिव्हिटीचं, म्हणजे येशूजन्माचं, नाटक आहे, त्यात हा मेंढी. परवा घरी ठोकळ्यांचा गोठा बांधला, माझ्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण उचलून त्यात ठेवला आणि भोवती तीन डायनोसॉर उभे केले. हसावं की काय करावं कळेना.

तर अनुभवी लोकांनो, नुसत्या खेळण्याने मूल मागे पडतं का? आणि प्रार्थनेचं तुम्ही काय केलंत?

तिरफळ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५२

ते तीन डायनोसॉर म्हणजे बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी. पोराला सगळं कळलंय, तुम्ही उगाच काळजी करताय. (दिवा घ्या, गंमत केली.)

काळाकातळ | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 'खेळातून शिक्षण' ऐकायला गोड लागतं. आमची मुलगी अशाच शाळेत होती. रिसेप्शनभर ॲपवर छान छान फोटो. मग पहिलीच्या जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचण्याची, चाचणी आली. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० चक्क बनावट, म्हणजे अंदाजाने वाचताच येऊ नयेत असे. तिथे कळलं की पोरीला शब्द ओळखता येतात, पण ध्वनी जोडून वाचता येत नाही. पुढचे सहा महिने रोज संध्याकाळी मी आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी.

शाळेला खेळवू द्या, घरी तुम्ही शिकवा. रोज वीस मिनिटं. बाकी सगळी भाषणं.

शेवंता_०७ | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३१

वाचतेय. आमचीही याच वर्षी लागली आहे, कॅथलिक शाळेत. चिखल सेम. मुलगी घरी येऊन माझ्या पोळपाटावर मातीच्या भाकऱ्या थापते.

रेघोट्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी इथेच एका चर्चच्या शाळेत रिसेप्शन शिकवते, अकरावं वर्ष. शाळेत निघायच्या आधी लिहितेय, तुटक झालं तर सांभाळून घ्या.

गोधडी, रिसेप्शन हा इथल्या बालशिक्षणाच्या आराखड्याचा, ईवायएफएसचा, शेवटचा टप्पा. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतचा हा आराखडा २००८ पासून कायद्याने लागू आहे, २०२१ मध्ये सुधारला. चर्चची शाळा असो की साधी, सरकारी अनुदानाच्या शाळांना तोच. त्यात सात क्षेत्रं आणि वर्षाअखेरची १७ उद्दिष्टं आहेत. लेखन हे त्या १७ पैकी एक. बोलणं, ऐकणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, अंगाची हालचाल ही पायाभूत धरलेली आहेत. म्हणजे 'खेळतात' हा शाळेचा आळशीपणा नाही, त्यांना तसंच करायला सांगितलेलं आहे. आता ते चांगलं करतात की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलाच पाहिजे.

चिखलात काय चालतं ते सांगते. गेल्या आठवड्यात एक मुलगा आमच्या चिखलाच्या स्वयंपाकघरात सूप करत होता. मी जाऊन म्हटलं, मला अर्धा पेला द्या. त्याने काठोकाठ भरला. म्हटलं, मी अर्धा मागितला होता, अर्धा म्हणजे कुठपर्यंत? त्याने खूप विचार करून पेल्याच्या मध्यावर बोट ठेवलं आणि वरचं सूप ओतून टाकलं, माझ्या बुटावर. तेवढ्यात दुसरी आली, "माझं जास्त आहे." तिचं उंच बरणीत, याचं पसरट भांड्यात. मग दोघांचं इकडून तिकडे, तिकडून इकडे ओतणं सुरू झालं. वीस मिनिटांत मी चार वाक्यं बोलले असेन. ॲपवर गेलेला फोटो मात्र चिखलाचाच.

पेन्सिलचं म्हणाल तर सव्वाचार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडंसुद्धा अजून तयार झालेली नसतात. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं. पाण्याने भिंत रंगवणं, स्पंज पिळणं, कणकेसारखा गोळा मळणं, लोंबकळणं हे सगळं लेखनच आहे, फक्त कागदावर दिसत नाही.

काळाकातळ, तुमचं एक मान्य. वाचायला शिकणं नुसत्या खेळातून होत नाही, आणि आम्ही तसं करतही नाही. रोज सकाळी कार्पेटवर बसून फोनिक्स होतं, सगळ्यांचं, शिस्तीत. घंटा वाजली, उरलेलं संध्याकाळी.

गोधडी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

रेघोट्याताई, सूपवाला परिच्छेद सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे चिपटं-मापटं. मग तसं सांगायचं की." त्यांच्या लहानपणी कणगीतून धान्य मोजून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं म्हणे. पायली, अधोली सगळं तिथेच शिकल्या.

टीपकागद | ५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

प्रार्थनेबद्दल. चर्चच्या शाळेत घालायचं आणि प्रार्थना नको म्हणायचं, हे म्हणजे देवळात जायचं आणि घंटेचा आवाज नको. आमच्या ओळखीतलं एक कोकणस्थ कुटुंब चांगल्या रिझल्टच्या चर्चच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दोन वर्षं दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जात होतं. त्या शाळेच्या नियमाप्रमाणे व्हिकारची सही लागते. आता काका तिथल्या फ्लॉवर कमिटीत आहेत आणि सोडायला तयार नाहीत.

तिरफळ | ५ नोव्हेंबर, दुपारी १.११

काकांना रविवारी सकाळी घराबाहेर पडायला कारण मिळालं, ते का सोडतील?

मळ्यातलीमोट | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

मी मराठी ख्रिस्ती, आजोळ नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे नाताळात ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात, त्यामुळे इथल्या शाळेतली टाळ्या वाजवत म्हटलेली गाणी मलाही पहिल्यांदा परकीच वाटली होती. सांगायचा मुद्दा, 'ख्रिश्चन शाळा' हा एकच रंग नाही.

माहितीसाठी. चर्चच्या शाळा मुख्यतः दोन प्रकारच्या, व्हॉलंटरी कंट्रोल्ड आणि व्हॉलंटरी एडेड. कंट्रोल्डमध्ये धर्मशिक्षण सहसा त्या भागाच्या सर्वधर्मीय अभ्यासक्रमाप्रमाणे चालतं, दिवाळीही त्यातच येते. एडेडमध्ये चर्चचा शब्द जास्त चालतो, प्रवेशातही. बऱ्याच शाळा आता अकॅडमी (थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या) झाल्यात, पण मूळचा बाज साधारण टिकून असतो. आपली कुठली ते शाळेच्या वेबसाइटवर दिसेल. आणि रोजची सामूहिक उपासना ही चर्चच्याच नव्हे, इंग्लंडमधल्या सगळ्या सरकारी अनुदानित शाळांना कायद्याने आहे. त्यातून किंवा धर्मशिक्षणातून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क पालकांना १९९८ च्या कायद्यानेच आहे. कारणही द्यावं लागत नाही, एक पत्र पुरे. त्यासाठी कोणी वाकडं तोंड करू नये.

पण ठरवण्याआधी एकदा जाऊन बघा. लहान मुलांत श्रद्धासुद्धा खेळातच येते. मी चर्चमध्ये रविवारी मुलांना 'गॉडली प्ले' पद्धतीने गोष्टी सांगते. जेरोम बेरीमन नावाच्या अमेरिकन धर्मगुरूंनी माँटेसरीच्या धर्तीवर ती बसवली. वाळूची एक पिशवी असते, ते वाळवंट. लाकडी माणसं हळूहळू वाळूतून चालवायची, मागे पावलांची रेघ उमटत जाते. मुलांकडे बघायचं नाही, वाळूकडे बघायचं. शेवटी "यातून काय शिकलात?" असं विचारायचंच नाही. "मला प्रश्न पडलाय, यातला कुठला भाग तुम्हाला सर्वांत आवडला?" एवढंच. एकदा एका पोराने उत्तर दिलं, "वाळू." बरोबरच होतं त्याचं.

तुमच्या बाळकृष्णाला गोठ्यात अजिबात परकं वाटलं नसेल. गोकुळातलाच तो.

गोधडी | ५ नोव्हेंबर, रात्री ८.१०

मोटताई, शेवटच्या ओळीला डोळ्यात पाणी आलं. पत्र तूर्तास नाही लिहीत.

निवडुंग | ६ नोव्हेंबर, रात्री ११.२०

सगळं छान चाललंय, त्यात मिठाचा खडा टाकते.

माझी मुलगी. शाळेचं नाव नाही सांगत. रिसेप्शनच्या वर्षभर शेरे एकाहून एक. आनंदी आहे, सगळ्यांत मिसळते, भूमिकांच्या खेळात रमते. घरी टीव्ही मोठा लावायची, हाक मारली तर दुसऱ्यांदा बघायची. आम्हाला वाटलं, तंद्री. पहिलीत गेल्यावर नव्या शिक्षिकेच्या लक्षात आलं की ही सूचना ऐकून उठत नाही, शेजारची उठली की उठते. तपासलं तर दोन्ही कानांत ग्लू इअर, पडद्यामागे द्रव साठलेला. किती दिवस होता कोण जाणे.

खेळाच्या गोंगाटात ती इतरांकडे बघून इतकं बेमालूम निभावून न्यायची की कुणालाच पत्ता लागला नाही. बाकांवर बसवून एकेकाला वाचायला लावणारी जुनी बाई असती तर आठवड्यात पकडलं असतं, असं मला आजही वाटतं. तीस मुलं, एक शिक्षिका, एक मदतनीस, दार उघडं, अर्धी आत अर्धी बाहेर. जे मूल रडत नाही, मारत नाही, ते कुणाला दिसतं?

खेळाला माझा विरोध नाही. पण 'निरीक्षण' म्हणजे फोटो काढणं, असं जिथे झालंय तिथे मुलं निसटतात.

काळाकातळ | ६ नोव्हेंबर, रात्री ११.४१

+१००. हेच म्हणत होतो मी, फक्त माझ्याकडे एवढं चांगलं उदाहरण नव्हतं.

रेघोट्या | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

निवडुंग, याला उत्तर म्हणून काही लिहिलं तर ते समर्थन वाटेल. तुमचं खरं आहे. खेळावर चालणाऱ्या वर्गाचं हेच भोक आहे आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत असतं.

२०२१ पासून पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक मुलाला समोर बसवून बेसलाइन, म्हणजे सुरुवातीलाच काय येतं त्याची चाचणी, घ्यावी लागते, साधारण वीस मिनिटं. सरकारला ती आकड्यांसाठी हवी असते, मला ती एका वेगळ्याच कारणासाठी आवडते. त्या वीस मिनिटांत ते मूल आणि मीच असतो. शांत खोलीत हाक मारली की कोण वळतं, कोण माझ्या ओठांकडे बघतं, हे तिथे दिसतं. पण घाईघाईत उरकली तर तीही वाया.

माझी स्वतःची युक्ती अशी. शुक्रवारी दुपारी पट न बघता तीस नावं लिहून काढायची. जी शेवटची चार-पाच आठवायला वेळ लागतो, ती सोमवारी माझी. दर वेळी तीच ती नावं यायला लागली की मी घाबरते.

आज्जी_ऑनलाइन | ८ नोव्हेंबर, सकाळी ५.१५

मुलांनो, मी चौतीस वर्षं बालवाडी चालवली, आता वय ७३. नात टाइप करून देत्येय.

खेळातून शिक्षण ही इंग्रजांची नवी टूम असल्यासारखं इथे कुणी बोलू नये. बालशिक्षणातले गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला १९२६ साली. ताराबाई १९४५ ला पालघरकडच्या बोर्डीला आल्या, पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. चिंचोके, शिंपले, पानं, माती हेच साहित्य. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते सगळं पुढे नेलं. मी प्रशिक्षणाच्या वेळी कोसबाडला आठ दिवस राहून आले होते. वारली पोरं चिंचोक्यांच्या रांगा लावायची, त्यांचं बघून मी गणित शिकवायला शिकले.

गोधडी, तुझ्या भाचीला १ ते १०० लिहिता येतं, चांगलं आहे. तिला एकदा सात चिंचोके दे आणि म्हण, दोघींना सारखे वाट. एक उरला की ती काय करते ते बघ. रडते, लपवते, अर्धा करायला बघते की तुला देते. मग आपण बोलू.

आणि काळाकातळ, तुम्ही म्हणता तेही सोडून देण्यासारखं नाही. मुलांना मोकळं सोडून बाई खुर्चीत बसल्या तर ती बालवाडी नव्हे, कोंडवाडा. फक्त कुंपण रंगीत.

तिरफळ | ८ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

आजी, साष्टांग. उरलेला चिंचोका मी खाल्ला असता, भाजून.

धूळभेट | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

आजींनी इतिहास काढलाच आहे तर थोडं अवांतर. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांचं जाळं उभं राहिलं ते १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीमुळे. त्यांची शिकवण्याची पद्धत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याची, आणि ती तो घेऊन गेला मद्रासहून! तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेचा तो प्रमुख होता. एका मलबारी शाळेत मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शिक्षकांना म्हणाला, असं करा. ते काही ऐकेनात, तेव्हा त्याने शाळेतल्याच एका मुलाला धाकट्यांना शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये विलायतेत त्यावर पुस्तिका छापली, नाव पडलं मद्रास पद्धत.

म्हणजे गोधडी, तुमच्या शाळेत वाळूचा ट्रे असेल तर ती आपली धूळपाटी आहे. दोनशे वर्षांनी परत भेटली.

टीपकागद | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.५८

कोहिनूर नाही तर नाही, धूळपाटी तरी परत द्या.

काळाकातळ | ८ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

धूळभेट, वाळूपर्यंत ठीक. पण बेलच्या शाळेत खेळ कुठे होता? एका दालनात शेकडो पोरं, मोठ्या पोरांनी लहानांना घोकून घ्यायचं. स्वस्तात साक्षरता, एवढाच हिशेब. खेळ आणला तो किंडरगार्टनवाल्या फ्रोबेलने, १८३७ मध्ये जर्मनीत. उगाच प्रत्येक गोष्ट 'आमच्याकडे आधीच होती' करू नका.

धूळभेट | ८ नोव्हेंबर, सकाळी ११.४४

मान्य. धूळपाटी मागे घेतो, अर्धी. पण फ्रोबेल काढलातच तर त्यातली गंमत बघा. तो स्वतः पाद्र्याचा मुलगा, निसर्गात आणि मुलाच्या खेळात देव दिसतो असं मानणारा. आणि प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्याच्या बालोद्यानांवर बंदी घातली, का? तर म्हणे ती नास्तिकता पसरवतात! त्याच्या पुतण्याच्या जहाल लिखाणाशी गल्लत झाली, असंही सांगतात. पुढच्या वर्षी तो गेला. बंदी उठली १८६० ला, ते काही त्याला बघायला मिळालं नाही.

शेवंता_०७ | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

एवढ्या थोर चर्चेत विचारायला लाज वाटते, पण चिखलाचे कपडे कसे धुता? पडल सूट (चिखलात घालायचा सूट) आणि वेलीज (गमबूट) रोज. मशीनच्या रबरात वाळू अडकून बसली आहे.

रेघोट्या | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

ओला चिखल धुवायचाच नाही. उलटा टांगा, सुकू द्या, दाराबाहेर झटका, मग मशीन. आणि वेलीजचा डावा-उजवा कळण्यासाठी एखादं मोठं स्टिकर मधोमध कापा, अर्धं एका बुटाच्या आत, अर्धं दुसऱ्याच्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हत्ती पुरा झाला की पाय घालायचे. तीस मुलांचे साठ वेलीज मी अशीच निभावते. नाव मात्र आत लिहा, सगळ्यांचे बेडकाच्याच डोळ्यांचे असतात.

शेवंता_०७ | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२४

हत्ती! धागा वसूल.

निवडुंग | १० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

मूळ प्रश्नाकडे येऊ. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही का? नोव्हेंबरमध्ये सव्वाचार म्हणजे मुलगा जुलै-ऑगस्टचा. इथे वर्गाची रेघ ३१ ऑगस्टला. म्हणजे त्याच्या वर्गात सप्टेंबरमध्ये जन्मलेली मुलं आत्ताच पाच पूर्ण झालेली आहेत. या वयात दहा-अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! आणि कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून. गोधडी, तुमच्या मुलाला या वर्षी शाळेत जाण्याची सक्तीच नाही. तोवर हवं तर अर्धवेळ पाठवायचाही हक्क आहे तुम्हाला. मागे कसला पडतोय, तो अजून शर्यतीच्या रेघेपाशी पोचायचाय.

गोधडी | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

२ ऑगस्ट. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो ज्याच्याशी रोज स्वतःची तुलना करून रडतो ("त्याला कोटाची चेन लावता येते") तो मुलगा सप्टेंबरचा आहे, तेव्हाच त्याच्या पाचव्या वाढदिवसाचा केक खाऊन आलो.

पुढच्या आठवड्यात पालकांना वर्गात बसू देणार आहेत, एक सकाळ. बघून लिहिते.

काळाकातळ | १० नोव्हेंबर, दुपारी २.००

फोनिक्सच्या वेळी बसा. बाकी चिखल घरबसल्या दिसतोच.

गोधडी | २१ नोव्हेंबर, रात्री १०.१०

बसले. दोन तास, अर्ध्या फुटाच्या खुर्चीवर. पाठ अजून धरली आहे.

फोनिक्स बघितलं, काळाकातळ. पंचवीस मिनिटं, कार्पेटवर. माझा मुलगा पहिली दहा मिनिटं ठीक, मग बुटाच्या वेल्क्रोशी खेळत होता. शिक्षिकेने बोलणं न थांबवता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो परत आला. पाच-सहा ध्वनी त्याला पक्के येतात, हे मला माहीतच नव्हतं. घरी कधी बोललाच नाही.

मग बाहेर. चिखलाचं दुकान होतं, हा दुकानदार. वर्गात एक नवीन मुलगी आली आहे, तिला इंग्रजी येत नाही. ती एका बाजूला बादली धरून उभी. याने तिच्याकडे बघितलं, एक करवंटीएवढा चिखलाचा गोळा उचलला आणि तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "हे घे." मराठीत! तिला इंग्रजी कळत नाही, म्हणजे आपली घरची भाषा कळेल, असा काहीतरी त्याचा हिशोब असावा. तिने घेतला. याने हात पुढे केला, "पैसे." तिने एक पान दिलं. पुढची वीस मिनिटं दोघांचं दुकान चाललं, "हे घे" आणि पान, "हे घे" आणि पान.

शिक्षिका लांबून बघत होत्या. फोटो नाही काढला. मला येऊन विचारलं, तो काय म्हणतोय? मी सांगितलं. त्यांनी खिशातल्या चिठोरीवर रोमन लिपीत लिहून घेतलं, दोनदा म्हणून बघितलं. काल त्या मुलीला दुधाचा पेला देताना त्या "हे घे" म्हणाल्या, असं चिरंजीवांनी घरी येऊन सांगितलं. वर, "त्यांना नीट म्हणता येत नाही."

सगळंच गोड नव्हतं. एक मुलगा दोन्ही तास तीनचाकी घेऊन गोल फिरत होता, कुणीही त्याच्याशी बोललं नाही. मोजलं मी. निवडुंग, तुमची आठवण आली. जाताना शिक्षिकेला सांगितलं, त्या म्हणाल्या लक्षात आहे, पण चेहऱ्यावरून वाटलं की नव्हतं. आमच्या मुलाच्या कानांची तपासणीही सांगून ठेवली आहे, उगाच शंका नको.

जेवणाआधीची प्रार्थना दोन ओळींची. सगळे डोळे मिटतात, आमचा एक डोळा उघडा ठेवून चिप्सकडे.

काळाकातळ | २१ नोव्हेंबर, रात्री १०.३५

"हे घे"ने चाचणी पास होत नाही.

रेघोट्या | २१ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नाही होत. ती कार्पेटवर होते, आणि तेही तुम्ही आत्ता वाचलंत. तीनचाकीवाल्या मुलाचं मात्र मला राहून राहून आठवतंय. उद्या माझ्या वर्गात तो कोण आहे ते बघते.

आज्जी_ऑनलाइन | २२ नोव्हेंबर, सकाळी ५.३०

गोधडी, पान म्हणजे पैसे हे त्या पोरीला कुणी शिकवलं? आमच्या अंगणातही पानंच चालायची. बरं, चिंचोक्यांचं काय झालं?

गोधडी | २२ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

आजी, नाशिकला करून बघितलं. भाचीने तीन-तीन वाटले आणि सातवा देव्हाऱ्यात ठेवला. सासूबाई तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत. वही या रविवारी कॅमेऱ्यासमोर आली नाही.

टीपकागद | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

हिच्या देव्हाऱ्यात सातवा चिंचोका, त्याच्या गोठ्यात बाळकृष्ण. घराणं एकच दिसतंय.

गोधडी | १ डिसेंबर, रात्री ९.५५

धागा वर काढतेय, अडचण आहे. मेंढीसाठी गुरुवारपर्यंत पांढरा स्वेटर आणि काळी पँट आणायला सांगितलंय. पँट आहे. पांढरा स्वेटर एकच, त्याच्या छातीवर हळदीचा डाग, वरणाचा. सगळे उपाय झाले, जात नाही. कुणाकडे काही युक्ती?

मळ्यातलीमोट | १ डिसेंबर, रात्री १०.०५

धुऊन ओलाच दोन दिवस उन्हात टाका, हळद उडते.

शेवंता_०७ | १ डिसेंबर, रात्री १०.०७

मोटताई, डिसेंबर. इंग्लंड. ऊन?

रेघोट्या | १ डिसेंबर, रात्री १०.१२

डागावर कापूस चिकटवा. मेंढीच आहे. आणि पाच मिनिटांत तो कापूस शेजारची मेंढी उपटेल, तयारी ठेवा.